शेतकरी बाजारात पहिल्यांदा स्टॉल लावताय? मग "ऑरगॅनिक आहे का?" ह्याचं उत्तर आधी ठरवून जा

स्टॉल लावला की पहिल्या अर्ध्या तासात कोणीतरी विचारणारच, "दादा, ऑरगॅनिक आहे का हे?" आणि तुमचा एक हात वजनकाट्यावर, मागे चार जण पिशव्या घेऊन उभे, तोंडातून पटकन "हो" निघून जातं. फसवायचं कोणाच्या मनात नसतं बहुतेक वेळा. शेणखत टाकलेलं असतं, माल घरचा असतो, पहाटे तोडलेला असतो, मग वाटतं हो म्हणायला काय हरकत आहे. पण समोरच्या ताईंनी ते "हो" खरं मानून घरी नेलेलं असतं, त्याच भरवशावर पोराला काकडी न सोलता दिलेली असते. म्हणून हा लेख, नव्याने बाजारात उतरणाऱ्या शेतकऱ्यांसाठी, आणि आपण माल कसा पिकवला हे गिऱ्हाईकाला खरं, सोप्या भाषेत आणि धंदा न बुडवता कसं सांगायचं एवढ्यापुरताच.

२०१६ साली राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, पणन मंडळाने संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार अभियान चालू केलं, आणि पुण्यात मुंबईत सोसायट्यांच्या बाहेर, महापालिकेच्या मोकळ्या जागांवर आपले लोक थेट बसायला लागले. आडत्या गेला, हमाली तोलाई गेली, पण त्याबरोबर एक आडोसाही गेला हे लक्षात घ्या. मार्केटयार्डात तुमची भेंडी हजार क्रेटमध्ये मिसळून जायची, कोणी विचारत नव्हतं कुठली कशी. इथे तुमचा चेहरा आणि तुमची भेंडी एकत्रच असतात, आणि पुढच्या आठवड्यात त्याच जागी परत बसायचं असतं.

पायरी १ : आपण नक्की काय करतो ते आधी स्वतःशी ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, आणि तो शेतकऱ्याच्या डोक्यातच असतो मग गिऱ्हाईकाला काय कळणार. सेंद्रिय म्हणजे रासायनिक खत नाही, रासायनिक कीडनाशक तणनाशक नाही, जीएम (जनुकात बदल केलेलं) बियाणं नाही, आणि हे ह्या एका सीझनला नाही तर जमिनीवर काही वर्षं सलग. नैसर्गिक शेती म्हणजे साधारण सुभाष पाळेकरांच्या पद्धतीने जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण), बीजामृत (तसलंच, बियाण्याला लावायचं), आच्छादन, बाहेरून विकतचं फार काही नाही. अवशेषमुक्त म्हणजे ज्याला सगळे रेसिड्यू-फ्री म्हणतात ते, ह्यात रासायनिक औषध वापरलेलं असू शकतं पण काढणीच्या वेळी त्याचा अंश मालात राहणार नाही अशी काळजी घेतलेली असते, म्हणजे हे सेंद्रिय नव्हे, दोन्हीची गल्लत करू नका. एकात्मिक म्हणजे आधी सापळे, निंबोळी, मित्रकीटक, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर मोजून रासायनिक फवारणी.

आता खरं सांगायचं तर आपल्यातले बहुतेक जण ह्यातल्या कुठल्याच एका कप्प्यात बसत नाहीत. दोन ट्रॉली शेणखत, ठिबकमधून १९:१९:१९ हे रासायनिक खत, पाच टक्के निंबोळी अर्क, पिवळे चिकट सापळे, आणि थ्रिप्स (फुलकिडे) वाढले की एखादी कडक फवारणी, अशी आपली शेती असते. ह्यात लाजण्यासारखं काही नाही. ह्याला नाव द्यायचीही गरज नाही, जे केलं ते सांगा. "सेंद्रिय" हे एक विशेषण झालं, त्याच्यावर वाद होतो, पण "शेणखत टाकलं, ठिबकमधून खत दिलं, गेल्या पंधरवड्यात एक फवारणी केली" ह्याच्यावर काय वाद होणार?

दोन शब्द मात्र तुमच्या फळ्यावरून कायमचे काढून टाका असं माझं स्पष्ट मत आहे. एक "विषमुक्त", कारण ते सिद्ध करायला तुमच्याकडे काही नसतं आणि शेजारच्या स्टॉलवाल्याला न बोलता विष विकणारा ठरवून मोकळे होता. दुसरा "केमिकल-फ्री", कारण बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना, ते आणि गंधक तर सेंद्रिय शेतीतही ठरलेल्या मर्यादेत चालतं, मग केमिकल नाही कसं म्हणणार.

गावठीचं पण तसंच. गावठी म्हणजे बियाणं देशी, तुम्ही घरी राखलेलं किंवा गावात फिरत आलेलं. संकरित टोमॅटो शेणखतावर वाढवला म्हणून तो गावठी होत नाही, आणि गावठी वांग्यावर फवारणी झालेली असू शकते. बियाणं एक गोष्ट आणि पिकवण्याची पद्धत दुसरी, दोन्ही वेगवेगळं सांगा. आणि "जीएम नसलेला टोमॅटो" असला बोर्ड लावू नका, आपल्याकडे लागवडीला परवानगी असलेला जीएम टोमॅटो नाहीच, बीटी वांगं २०१० मध्ये स्थगित झालं ते अजून तसंच आहे, म्हणजे तो बोर्ड खोटा नसला तरी बाकीच्यांचा टोमॅटो जीएम आहे असं गिऱ्हाईकाला वाटतं. खरं बोलून दिशाभूल करणं हे पण फसवणंच झालं.

पायरी २ : नोंदवही

स्टॉल लावायच्या आधी एक वही घ्या, साधी दोनशे पानी चालेल. प्लॉटचं नाव किंवा गट नंबर, पीक, वाण, लागवडीची तारीख, मग जे जे दिलं ते तारखेनिशी, काय दिलं, किती, कशासाठी, कोणी फवारलं, आणि तोडा कधी केला. फवारणी करून आलात की त्याच संध्याकाळी लिहा, रविवारी आठवून लिहिलेली वही ही वही नसते. डबीवरचं नाव, त्यातला घटक, बॅच नंबर, जमलं तर लेबलचा मोबाईलवर फोटो.

लेबल वाचायची सवय नसेल तर आता लावून घ्या. त्यावर रंगीत त्रिकोण असतो, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी. दुसरं बघायचं लेबल क्लेम, म्हणजे ते औषध कुठल्या पिकासाठी मंजूर आहे. कपाशीचं उरलेलं औषध वांग्यावर मारायची पद्धत आपल्या गावागावात आहे आणि ती सरळ चुकीची आहे, मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर तर २००५ पासूनच बंदी होती. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, प्रतीक्षा काळ. फवारणी आणि काढणी ह्यात किमान किती दिवस जायला हवेत ते. एकाच औषधाचा भेंडीला वेगळा, कोबीला वेगळा, द्राक्षाला वेगळा असू शकतो, त्यामुळे दुकानदाराने तोंडी सांगितलं त्यावर जाऊ नका, कागद उघडून वाचा, अक्षर बारीक असलं तरी.

पायरी ३ : तोडा आणि फवारणी, खरी परीक्षा इथे आहे

ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण खोटं बोलायची वेळ येते ती इथेच.

भेंडी दिवसाआड तोडावी लागते. गवार, दोडका, काकडी, कारलं, सगळ्यांचं थोड्याफार फरकाने तसंच. आता फळ पोखरणारी अळी आली, तुम्ही फवारणी केली, आणि लेबलवर प्रतीक्षा काळ समजा पाच दिवस आहे. म्हणजे मधले दोन तोडे बाजारात न्यायचे नाहीत. पण भेंडी थांबत नाही, दोन दिवसांत जून होते, झाडावर ठेवली तर पुढचा बहर कमी येतो, म्हणून तोडावी तर लागतेच, आणि तोडलेला माल समोर ढिगाने पडलेला असताना शनिवारचा बाजार आलेला असतो. मजुरी दिलेली असते, टेम्पो ठरलेला असतो. बाहेरून बघणाऱ्याला हे साधं वाटतं पण ज्याच्या घरात तेवढ्याच पैशावर आठवडा चालतो त्याला ते साधं नसतं.

मग करायचं काय? एक म्हणजे हा पेच येऊच नये अशी आखणी, आणि ती लागवडीपासूनच करायची. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) आणि चिकट सापळे फुलं दिसायच्या आधी लावा, अळी दिसल्यावर लावून उपयोग नाही. कडक औषध मारायचं असलंच तर ते झाड लहान असताना, पहिल्या तोड्याच्या आधी. तोडे सुरू झाले की शक्यतो निंबोळी अर्क, दशपर्णी (दहा झाडांच्या पाल्याचा अर्क), आणि बिव्हेरिया, मेटारायझियम, बीटी पावडर ह्या जैविक कीडनाशकांवर राहा, दशपर्णीला तयार व्हायला महिनाभर लागतो म्हणून ड्रम आधीच भरून ठेवा, गरज पडल्यावर भरायला घेतला तर पीक निघून गेलेलं असतं. फवारणी करायची तर तोडा झाल्या झाल्या संध्याकाळी, म्हणजे पुढच्या तोड्यापर्यंत जास्तीत जास्त वेळ मिळतो.

दुसरं म्हणजे लागवड दोन तुकड्यांत, पंधरा दिवसांच्या अंतराने. एका तुकड्यावर फवारणी झाली तर दुसऱ्यातला माल नेता येतो, स्टॉल रिकामा जात नाही. ह्याला जागा आणि पाणी लागतं, पण दहा गुंठ्यातही जमतं.

आणि तरीही पेच आलाच तर मधले तोडे फेकायचे. कंपोस्टच्या खड्ड्यात टाका, जनावरांनाही घालू नका कारण त्यात औषध आहे. आणि स्टॉलवर कागद लावा, "ह्या आठवड्यात भेंडी नाही, फवारणी झाली आहे, पुढच्या शनिवारी मिळेल." हा कागद लावायला धीर लागतो हे खरं आहे. पण हा कागद बघून गिऱ्हाईक पळतं ही भीती चुकीची आहे, मी बघितलंय की लोक थांबतात, विचारतात, आणि ज्यांना हा कागद वाचायला मिळाला ते पुढच्या वेळी "आज आहे ना भेंडी?" म्हणत सरळ तुमच्याकडे येतात, कारण त्यांना कळलेलं असतं की जेव्हा भेंडी ठेवली आहे तेव्हा ती खायला योग्य आहे. बाकी कुठल्याही बोर्डाने ही खात्री देता येत नाही.

पायरी ४ : टॉनिकच्या बाटल्या

छोटा मुद्दा आहे पण फार जण इथे अडकतात. कृषी सेवा केंद्रात "जैविक आहे, काही होत नाही" म्हणून एखादी बाटली हातात देतात, मागे घटक लिहिलेले नसतात, किंवा "वनस्पतींचा अर्क" एवढंच लिहिलेलं असतं, आणि फवारल्यावर दोन तासांत सगळी कीड मरून पडते. अशा वेळी शंका यायलाच हवी. जैविक कीडनाशकालाही नोंदणी नंबर लागतो, तो लेबलवर असतो, आणि टॉनिक म्हणून विकली जाणारी बायोस्टिम्युलंट २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आलीत. ज्या बाटलीवर नंबर नाही, घटक नाही, ती मारून "मी फक्त जैविक वापरतो" असं सांगू नका, कारण आत काय होतं ते तुम्हालाच ठाऊक नाही.

नाशिकच्या द्राक्षवाल्यांनी हे सोसलंय. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले ते क्लोरमेक्वाटमुळे, म्हणजे ज्याला बागेत लिहोसिन किंवा सीसीसी म्हणतात. ते कीडनाशक नाही, वाढ रोखायचं संजीवक आहे, घडनिर्मितीसाठी वर्षानुवर्षं वापरात होतं, औषध म्हणून कोणी त्याच्याकडे बघतच नव्हतं. त्या एका गोष्टीने किती बागायतदारांचं वर्ष गेलं. तेव्हा मालावर जे जे फवारलं ते सगळं वहीत यायला हवं, त्याला टॉनिक म्हणा की संजीवक.

पायरी ५ : प्रमाणपत्र असेल तर, आणि नसेल तर

प्रमाणपत्राचे आपल्याकडे मुख्य दोन रस्ते आहेत. एक एनपीओपी म्हणजे केंद्राचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, अपेडा ह्या निर्यात विकास संस्थेच्या अखत्यारीतलं, त्रयस्थ संस्था येऊन तपासणी करते, निर्यातीला हेच लागतं आणि एकट्या लहान शेतकऱ्याला खर्चाचं जड जातं. दुसरं पीजीएस-इंडिया, ह्यात जवळपासच्या किमान पाच शेतकऱ्यांचा गट करायचा, प्रतिज्ञा घ्यायची आणि एकमेकांची शेतं एकमेकांनी तपासायची. बदलाच्या काळात पीजीएस ग्रीन, पूर्ण झाल्यावर पीजीएस ऑरगॅनिक. एनपीओपीत हा बदलाचा काळ हंगामी पिकांना दोन वर्षं आणि फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकांना तीन वर्षं धरतात. तुम्ही गेल्या वर्षीच युरिया बंद केला असेल तर "सेंद्रियकडे वळतोय, दुसरं वर्ष चालू आहे" असं लिहा, ह्या वाक्याने कोणी नाक मुरडत नाही, उलट लोकांना तो प्रवास ऐकायला आवडतो.

लहान शेतकऱ्यासाठी एक सवलत आहे ती माहीत हवी. एफएसएसएआय म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या सेंद्रिय अन्नाच्या २०१७ च्या नियमांनुसार, स्वतः पिकवून थेट खाणाऱ्याला विकणारा आणि वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असलेला लहान उत्पादक प्रमाणपत्राशिवाय सेंद्रिय माल विकू शकतो. पण जैविक भारतचा (सेंद्रिय मालाचा सरकारी) लोगो त्याला लावता येत नाही. आणि सवलत प्रमाणपत्रातून आहे, खरेपणातून नाही. कागद मागणारा कोणी नसला की वही आणखी नीट ठेवावी लागते.

प्रमाणपत्र ठरलेल्या जमिनीला आणि पिकाला असतं, तुम्हाला नसतं. एक एकर तुरीला पीजीएस मिळालं म्हणून त्याचा लॅमिनेट केलेला कागद कलिंगडावर टांगायचा नाही. शेताचा अर्धा भाग रासायनिक अर्धा सेंद्रिय असेल तर क्रेट वेगळे, रंग वेगळा, स्टॉलवरची बाजू वेगळी, आणि विचारायच्या आधी सांगायचं.

प्रयोगशाळेचा रिपोर्ट असेल तर तो कुठल्या तारखेचा, कुठल्या प्लॉटच्या नमुन्याचा ते दिसलं पाहिजे. दोन वर्षांपूर्वीच्या डाळिंबाचा रिपोर्ट आजच्या डाळिंबाबद्दल काही सांगत नाही. आणि "अंश आढळला नाही" म्हणजे सेंद्रिय सिद्ध झालं असंही नाही, खतं कुठली वापरली ते त्या कागदात नसतंच.

पायरी ६ : स्वतःचा माल आणि आणलेला माल

नव्या माणसाला पहिला मोह होतो तो इथे. तुमच्याकडे मेथी, टोमॅटो आणि वांगी, स्टॉल रिकामा दिसतो, शेजारी अठरा भाज्या मांडून बसलाय, मग कोणीतरी सुचवतं की पहाटे गुलटेकडीच्या किंवा वाशीच्या मार्केटयार्डातून चार क्रेट उचल आणि ठेव. आणि मग शेतकऱ्याच्या नावाखाली आग्र्याचा बटाटा विकला जातो. गिऱ्हाईक भोळं नसतं हो, मे महिन्यात दुष्काळी भागातल्या माणसाकडे पांढराशुभ्र फ्लॉवर, फेब्रुवारीत ढिगाने "घरचा" हापूस, बारा महिने सफरचंद, हे त्यांच्या लक्षात येतं, ते बोलत नाहीत फक्त परत येत नाहीत.

आणलेला माल ठेवायचाच नाही असं मी म्हणत नाही. गटातल्या माणसाचा, भावकीतल्याचा, शेतकरी उत्पादक कंपनीचा माल जरूर ठेवा, त्यातच गटाची ताकद आहे. पण पाटी वेगळी, "हे आमचं, गाव अमुक" आणि "हे गटातल्या शेतकऱ्याचं, गाव तमुक", आणि त्याने काय फवारलं ते तुम्हाला माहीत नसेल तर "त्यांची वही मी बघितलेली नाही" असं सांगा. बाजार समितीचा माल असेल तर तेही लिहा, मग ती तुमची किरकोळ विक्री झाली, पण बाजार फक्त शेतकऱ्यांचा असेल तर तिथे तो आणूच नका.

पुरावा म्हणून सातबारा आणि ई-पीक पाहणी कामाला येते. २०२१ पासून आपण स्वतः मोबाईलवरून पीक पेरा नोंदवतो, ती नोंद सातबाऱ्यावर दिसते, आणि बाजार भरवणारे आयोजक शहाणे असतील तर स्टॉल देताना तेच मागतात. हंगामाला नोंद नीट करून ठेवा, फोनमध्ये पीडीएफ ठेवा.

जीआय (भौगोलिक मानांकन) असलेल्या नावांबद्दल पण हेच. हापूसला २०१८ मध्ये जीआय मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर ह्या जिल्ह्यांसाठी. कर्नाटकातला आंबा वाईट नसतो, तो कर्नाटकचा म्हणून विका. आंबा कसा पिकवला तेही सांगा, पेंढ्याच्या अढीत की इथिलीनच्या चेंबरमध्ये, इथिलीनला ठरलेल्या मर्यादेत परवानगी आहे त्यामुळे लपवण्यासारखं त्यात काही नाही, कार्बाइडला मात्र बंदी आहे आणि ती पुडी पेटीत सापडली तर कुठलंही स्पष्टीकरण चालणार नाही. गुळाचं उलटं असतं, गिऱ्हाईक स्वतःच पिवळाधमक मागतं, त्याला समजावून सांगा की हायड्रॉस (रंग उजळवायचं रसायन) न घातलेला, रानभेंडीच्या चिकाने मळी काढलेला गूळ तपकिरी काळपट असतो. पण काळा गूळ म्हणजे आपोआप चांगला असंही सांगू नका.

पायरी ७ : पाटी

पांढरा फळा आणि मार्कर, बस. छापील फ्लेक्सवर हसरा शेतकरी आणि हिरवी पानं असतात पण आजची तारीख नसते. प्रत्येक मालापुढे चार ओळी पुरतात, उदाहरणार्थ:

"टोमॅटो. संकरित वाण. शेणखत आणि ठिबकमधून रासायनिक खत. करप्यासाठी बुरशीनाशकाची फवारणी १२ तारखेला, तोडा २२ तारखेला."

"मेथी. घरचं बी. फक्त शेणखत आणि जीवामृत. फवारणी नाही."

"तूरडाळ. पीजीएस ग्रीन, दुसरं वर्ष. पॉलिश नाही."

पहिल्या दिवशी टोमॅटोची पाटी लिहिताना हात अडखळेल. लिहाच. मेथीच्या पाटीवर लोक विश्वास ठेवतात तो टोमॅटोच्या पाटीमुळे, ज्याच्या स्टॉलवर सगळंच शंभर टक्के शुद्ध असतं त्याचं काहीच खरं वाटत नाही.

भावाचं पण ठरवा. ज्या मालाला तुम्ही जास्त कष्ट घेतलेत, तोडे फेकलेत, त्याला जास्त भाव लावा आणि का ते सांगा. ज्याच्यावर नेहमीसारखी फवारणी झालीय त्याला बाजारभाव. एकाच स्टॉलवर दोन भाव असले की पाटीला अर्थ येतो.

पायरी ८ : प्रश्न आले की

"काका, औषध मारता का?" ह्याला "नाही" हे उत्तर जवळजवळ नेहमीच चूक असतं, कारण निंबोळी अर्क हीदेखील फवारणीच. "मारतो ताई, पण काय आणि कधी ते सांगतो" इथून सुरुवात करा, आणि वही पुढे करा. दहातले नऊ जण वही उघडणार नाहीत, ती तिथे आहे हे बघून त्यांचं समाधान होतं. दहावा उघडेल आणि नीट प्रश्न विचारेल, त्याला वेळ द्या, गर्दी असेल तर "बाजार संपताना या, निवांत बोलू" म्हणा.

"किडका आहे म्हणजे ऑरगॅनिक ना?" असं कौतुकाने विचारणारे भेटतात. तेव्हा हो म्हणणं फार सोपं असतं, माल पण खपतो. पण तसं नसतं, फवारणी चुकली, उशिरा झाली, किडीला त्या औषधाची सवय झाली तरी वांगं किडतं. सांगा त्यांना तसं. "धुतलं की जातं ना सगळं?" वरची धूळ आणि वरवरचं औषध काही प्रमाणात जातं, आंतरप्रवाही औषध झाडाच्या आत गेलेलं असतं ते धुऊन जात नाही, मिठाच्या पाण्याने पण नाही. म्हणूनच प्रतीक्षा काळ पाळायचा, हे समजावून सांगायची उत्तम संधी आहे ती.

आणि काही गोष्टी तुमच्या हातात नसतात. शेजारच्या उसात किंवा मक्यात टू-फोर-डी मारलं आणि वारा तुमच्याकडे असला तर तणनाशक तुमच्या पिकावर येतं, पानं आकसतात, द्राक्षाला कपाशीला तर ते लगेच दिसतं. कालव्याचं पाणी वरून काय घेऊन येतं ते तुम्ही ठरवत नाही. विकतचं शेणखत किंवा कोंबडीखत कुठून आलं तेही. सेंद्रिय करत असाल तर बांधाला गिरिपुष्प, शेवरी, निदान दाट मका लावून आडोसा करा, शेजाऱ्याशी बोलून फवारणीचा दिवस विचारून घ्या, आणि गिऱ्हाईकाने विचारलं तर "माझ्याकडून नाही पण बाजूच्या शेताचं मी सांगू शकत नाही" एवढं सरळ बोला.

शिवारफेरी ठेवता आली तर वर्षातून एकदा ठेवा, पण कापणीच्या सणासारखी सजवून नको. कीड असताना बोलवा, सापळ्यात अडकलेले पतंग दाखवा, औषधांची खोली उघडी ठेवा, रिकाम्या बाटल्या कुठे जमा करता ते दाखवा. लोक हुरडा खाऊन जातात ते वेगळं, पण ज्याने एकदा पोखरलेली भेंडी झाडावर बघितली तो पुढे भाव करताना विचार करून करतो.

शेवटचं, शेजारचा स्टॉलवाला

हे होणारच. बाजूचा माणूस मार्केटयार्डातला माल "शंभर टक्के सेंद्रिय" म्हणून तुमच्यापेक्षा कमी भावात विकेल, तुमचं गिऱ्हाईक तुमच्यासमोर तिकडे वळेल, आणि रक्त खवळेल. तेव्हा गिऱ्हाईकासमोर त्याच्याबद्दल एक शब्द बोलू नका, बोललात तर अख्ख्या बाजारावरचा विश्वास जातो आणि त्यात तुम्हीही आलात. "त्यांचं त्यांना विचारा, माझं मी सांगतो" एवढंच. बाजार आवरल्यावर आयोजकांशी बोला, एकटे नको, तीन-चार स्टॉलवाले मिळून जा. मागणी साधी ठेवा, प्रत्येकाचा सातबारा आणि पीक पाहणीची नोंद बघा, प्रत्येक स्टॉलवर गावाचं नाव लिहायची सक्ती करा, "सेंद्रिय" लिहिणाऱ्याने प्रमाणपत्र किंवा नोंदवही दाखवायची, आणि हंगामातून एकदा दोन जणांनी जाऊन शेत बघून यायचं. पहिलं शेत तुमचं बघा म्हणावं.